फणसाच्या फळीची गिटार

ताराक्का दिसेल त्या लाकडावर टकटक करून कान लावायच्या. बँकेच्या बदलीने मी सोलापूरहून कुंभकोणमला त्यांच्या शेजारी राहायला आले, त्याच दिवशी त्यांनी माझं दार वाजवलं. उघडलं तर म्हणाल्या, "तुला बोलावलें नाहीं गो. दार कसें बोलतें तें पाहात होत्यें."

त्या दातांच्या डॉक्टर. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचं. बाहेर तमिळ, घरात बखरीतली वाटावी अशी मराठी. "दांत असो, लांकूड असो, आधीं ठोकून ऐकावें," हे त्यांचं ब्रीद. पण हात थरथरू लागले आणि त्यांनी दवाखाना बंद केला. चारचौघांत हात पदराखाली असायचे. लोक म्हणाले, आता आराम करा. बाईंनी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली! कॉलेजात असताना हवी होती, तेव्हा वडिलांनी वीणेवर भागवलं होतं.

"हात पुरते जायच्या आधीं एकदां वाजायास पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

मग काय, घराचा कारखाना झाला. वीणा करणाऱ्याकडची उरलेली फणसाची फळी आली, कुणाच्या मोडक्या गिटारची दांडी आली, तारांचा आवाज पकडणारे पिकअप कुरिअरने आले. तारा टेकायची पितळी पट्टी स्वामीमलैच्या मूर्तिकाराकडून ओतून घेतली. माप बघून त्याने गंभीरपणे विचारलं, "हे कुठल्या देवाचं आसन, अम्मा?" ताराक्का म्हणाल्या, "देव अजून यायचा आहे." बँक सुटली की मीही पॉलिशपेपर घेऊन हजर. मनगट टेबलाला दाबून, श्वास रोखून त्या वायरींना कथलाचा डाग द्यायच्या, तेव्हा माझाच जीव वरखाली व्हायचा.

शेवटचा स्क्रू बसला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिकडच्या सरस्वतीपूजेच्या सकाळी. बाईंनी गिटार उचलली ती थेट वीणेशेजारी पूजेत ठेवली आणि तिला सढळ हाताने गंध फासलं. पूजेतल्या वाद्याला विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही, ही तिकडची रीत.

"अक्का, वाजवून तरी बघायची!"

"देवापुढें ठेविलें, सरलें."

दिवसभर आम्ही दुधाभोवती मांजरं फिरावीत तशा तिच्याभोवती फिरत होतो.

दसऱ्याला आरती झाली. वायर खुपसली, अॅम्प्लिफायरचा दिवा लागला, अक्कांनी तारा छेडल्या. आवाजच नाही! त्यांचे हात पुन्हा पदराखाली गेले. "पुरे जालें," त्या म्हणाल्या. मला रडू यायचं बाकी होतं.

पण खोड कुठली जायला? उठता उठता त्यांनी फळीवर टकटक केलं, कान लावला. "लांकूड तर बरें आहे. तोंड पाहूं दे हिचें." वायर उपसली, तर टोकाला वाळलेलं गंध! बाईंनी भक्तिभावाने वायरचं भोकही लिंपलं होतं. मग दात कोरायची हत्यारं निघाली. "आ कर, आ कर," म्हणत त्यांनी गंध कोरून काढलं.

आणि वाजली! खिडक्या दणाणल्या, रस्त्यावरचा रिक्षावाला आत डोकावला. अक्कांनी एक सूर धरून ठेवला. तारेवरचं बोट थरथरत होतं आणि सूरही त्याच्याबरोबर गोड हलत होता. त्या आपल्या हाताकडे बघतच राहिल्या. "अगो, या थरथरीस काम मिळालें!"

पुढे माझी नाशिकला बदली झाली. दर दसऱ्याला फोन येतो, पलीकडून आधी एक सूर येतो आणि मग बोलणं.

"गंध?" मी विचारते.

"भोंक सोडून लाविलें गो!"

यंदा तो सूर फारच थरथरला, लवकर तुटला. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "अक्का, अजून एकदा."

त्यांनी वाजवला.