सावळ्या रंगाची भरपाई

दुष्काळाची सालं होती. शिवारात कडबा मिळत नव्हता, पण नगरच्या तरुणांच्या पँटी खाली पायाशी रुंदच होत चालल्या होत्या. आधी मोहरी सोळा इंच, मग वीस, आणि आमच्या कचेरीतल्या एका कारकुनाने तर चोवीस गाठले. त्याची कंबर सव्वीस होती. तो रोज सकाळी रस्ता झाडत कामावर येई आणि नगरपालिका त्याला छदामही देत नसे.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं पाहणं चाललं होतं. ती आमच्याकडे राहून मॅट्रिक झालेली, रंगाने सावळी. दोन नकार रंगापायी आले होते. तिसरा आला की श्रीगोंद्याकडची आमची वडीलधारी मंडळी तिला एका बिजवराला देणार, हे पक्कं होतं. त्यामुळे राहात्याच्या स्थळाला फोटो पाठवायचा ठरला, तेव्हा मीच तिला स्टुडिओत घेऊन गेलो.

फोटोवाल्याकडे काश्मीरच्या तळ्याचा पडदा आणि प्लास्टरचा एक खांब होता. जिल्ह्यातली प्रत्येक उपवर मुलगी त्याच खांबाला रेलली होती.

"मान तिरकी. हनुवटी खाली. आता काहीतरी आठवल्यासारखं करा."

"काय आठवू?"

"काहीही. पण गोड."

"मला स्टोव्हवरचं दूध आठवतंय," बहीण म्हणाली. तसाच फोटो निघाला.

आठ दिवसांनी तो रंगवून मिळाला. काळ्यापांढऱ्या फोटोवर कापसाच्या बोळ्याने रंग चढवायची तेव्हा पद्धत होती, आणि आमच्या फोटोवाल्याने कंजुषी केली नव्हती. तिची बाटलीहिरवी साडी गुलाबी झाली होती. गाल गुलाबी, हात गुलाबी, काश्मीरचं तळंही किंचित गुलाबी.

"दादा, ही कोण?"

"तूच की."

"मग हिचंच लग्न लावा. मी पाठराखीण म्हणून जाते हिच्याबरोबर."

फोटो तरीही गेला. उलट टपाली मुलाचा आला. एक पाय स्टुलावर, एक हात टेलिफोनवर, अंगात चौकड्यांचा कोट. तो कोट मी ओळखला. आमच्याच फोटोवाल्याच्या खुंटीवरचा. तो एकच कोट अख्ख्या जिल्ह्याच्या मुलांना होई, कारण पाठीमागून चिमटे लावायची सोय होती. टेलिफोनची वायर स्टुलामागे जाऊन संपत होती.

पाहायला मुलगा आणि त्याचे मामा आले. मामा धोतर-फेट्यात, मुलगा बेलबॉटममध्ये. फोटोतला अर्धा ऐवज खुंटीवरच राहिला असावा, इतका तो किरकोळ होता. मामांनी खिशातून आमचा फोटो काढला, एकदा त्याच्याकडे आणि एकदा बहिणीकडे पाहिलं.

"पाव्हणं, फोटुत पोरगी गोरी हुती."

"फोटोत तुमचा भाचाही रुंद होता," मी म्हणालो.

"पोराचं सोडा. आमी न्हाई म्हणत न्हाई. पण रंगाचं कायतरी बगावं लागंल. नवरदेवाला टेरिलिनचा सूट करा. मांडवात लोकांनी त्याच्याकडं बगावं, हिच्याकडं कुणाचं ध्यान जायला नगं."

म्हणजे सावळेपणाची भरपाई टेरिलिनमध्ये होणार होती. मीही असा, की चोवीसची मोहरी धरली तर कापड किती लागेल, हे मनात मांडायलाही लागलो होतो.

बहिणीने ट्रेमधल्या पोह्यांच्या बशा खाली मांडल्या. "मामा, सूट तुमच्याच मापाचा शिवू या का? हौस तुमची दिसते."

मामांचं तोंड लाल झालं. मुलगा मात्र हसू दाबत म्हणाला, "मला कोट नगंच हाय. फोटुतला बी स्टुडिओचा हुता. मागनं चिमटे टोचत हुते."

"गप बस!"

"गप बसूनच फोटु काढला की, मामा."

मामा उठले. "पोरगी तोंडाळ हाय. कळवतो," म्हणून दारात जाऊन वहाणा घालू लागले. 'कळवतो'चा अर्थ आम्हाला दोनदा कळून चुकला होता. बहीण रिकामा ट्रे घेऊन उभीच राहिली.

मुलगा उठला नाही. "तुमी व्हा म्होरं. माजं पोहं ऱ्हायल्यात."

मग त्याने मान वर न करताच बहिणीला विचारलं, "तुमाला काय वाटतं?"

आजवर आलेल्यांपैकी हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने त्याच्या पँटीकडे बोट केलं. "ही घालून शेतात जाता?"

"छ्या. ही दोस्ताची हाय."

"मग तुमचं स्वतःचं काय आहे?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "दुपारधरनं भूक लागलीय, ती माजी हाय."

मामा दारातून दोनदा खाकरले. बहीण आत गेली, आणि पोह्यांचं पातेलंच बाहेर घेऊन आली.