बर्फातलं वासरू

मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, शाळेची पुढची भिंत माझ्या हवाली केली. ‘जगातली मुलं’ काढा, तालुक्याचे साहेब बघायला येणार आहेत, शोभा झाली पाहिजे, एवढंच म्हणाले. मी लातूरहून एसटीने देवणीकडच्या त्या खेड्यात शिकवायला जाणारी, चित्रकलेची हौस उतू जाणारी बाई. मी ब्रश थेट चौथीच्या पोरांच्या हातात दिले. एकेकाने एकेक देश घ्यायचा आणि तिथलं मूल सकाळी उठून काय करतं ते काढायचं, असं सांगून मोकळी झाले.

आता ही पोरं उदगीरच्या पलीकडे फारशी गेलेली नाहीत. पण अडतील तर ती चौथीची कसली? जपानची मुलगी घोळदार झगा खोचून अंगणात सडा टाकू लागली. फ्रान्सच्या पोराच्या डोक्याला त्याची आई बदाबदा तेल चोपडत होती. आफ्रिकेतला मुलगा दप्तर घेऊन एसटीची वाट बघत होता आणि गाडीवर पाटी होती ‘कंधार’, कारण रंगवणाऱ्याचा मामा तिथे राहतो. मी पोट धरधरून हसले. इतकी खूश मी आयुष्यात क्वचितच झाले असेन.

या सगळ्यांवर कडी केली ती एका बारक्या मुलीने. एरवी ती वर्गात तोंड उघडायची नाही. तिच्या बर्फाच्या देशातला मुलगा केसाळ कोट घालून एका वासराला शेपटीला धरून ओढत होता.

शाळा सुटायच्या वेळी मोठे सर आले, भिंत बघितली आणि त्यांचा पारा चढला.

“मॅडम, हे जग हाय का आपली गल्ली? उद्या साहेब येणार. चुना कालवा अन् पुसून टाका समदं.”

पोरांची तोंडं एवढीशी झाली. बारकी भिंतीला पाठ लावून वासरासमोर उभी राहिली, ती हलेना. मला राग आला. मी तोंड उघडणार तोच सरांनी तिला बाजूला केलं आणि चुन्याचा ब्रश स्वतःच उचलला. मग थबकले. चष्मा पुसून वाकले.

“हे वासरू कसलं?”

“देवणी हाय,” पोरगी पुटपुटली. देवणी म्हणजे त्याच भागातली गुरांची नावाजलेली जात.

“वानेरा का शेवरा? वानेऱ्याचं अंग पांढरं असतंय, तोंड तेवढं काळं.”

“वानेराच काढलं होतं. बर्फात दिसंना, म्हून ठिपके दिले.”

“मग शेवरा म्हण. पण शेवऱ्याचे ठिपके असे टिकलीवानी गोल असतेत व्हय?”

सरांनी ब्रश बदलला, काळा रंग घेतला आणि ठिपके वेडेवाकडे पसरवले. मग शेपटीवर बोट ठेवून म्हणाले, “वासराला असं कोण धरतंय? दावं कुठं हाय?” दावंही त्यांनीच काढलं, गुडघे टेकून, गाठीसकट. इस्त्रीच्या पँटला काळा रंग लागला तरी त्यांना पत्ता नव्हता. पोरं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

पोरीने हळूच विचारलं, “सर, आता पुसायचं का?”

सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“वासरू सकाळपासून उपाशी हाय,” ते म्हणाले. “आधी कडबा काढ.”