अठराव्या मजल्यापर्यंतची कादंबरी

नायगावची आमची चाळ पाडली आणि आम्ही सगळे टॉवरमध्ये आलो. गॅलरीतून दारोदार कादंबऱ्या वाटणाऱ्या काकू आता लिफ्टमध्ये गाठतात. गाऊनवर ओढणी आणि बगलेत एखादी ऐतिहासिक, नाहीतर प्रेमाची.

"वाचायला वेळच नाही हो, काकू," मी काल म्हटलं.

"वाचू नकोस. नुसतं ऐक," म्हणत त्या सुरू झाल्या. शत्रू गडाच्या पायथ्याशी आलाय, दरवाजे बंद व्हायला लागलेत आणि नायिकेचा तो अजून बाहेरच.

तेवढ्यात माझा अठरावा मजला आला.

"मग? पोचला का तो आत?"

"ते तूच मला सांग."

पुस्तक माझ्या हातात कोंबून काकू त्याच लिफ्टने खाली गेल्या. त्या राहतात तिसऱ्या मजल्यावर.