कंधारच्या मामांची हरकत

पूजा आणि मी पुण्यात एकाच ऑफिसात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसतो. तिचं लग्न लातूरला ठरलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं, जाऊ, दोन दिवस हिंडू, ब्लॉगला एक लेख होईल. लग्नाच्या तीन दिवस आधी ती लातूरहून फोनवर म्हणाली, "केतकीताई, तू नांदेडवरून ये ना!" आता पुण्याहून लातूरला नांदेडवरून जाणं म्हणजे निव्वळ द्राविडी प्राणायाम. कारण विचारलं तर म्हणाली, "कंधारहून माझ्या मामाला आणायचंय. रुसलाय. घरच्यांचं ऐकत नाही. पण परक्या बाईला नाही म्हणायचा नाही."

रुसवा काय, तर आपल्याकडे नवरीला मांडवात आणतो तो मामा. माइकवरून पुकारा होतो, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं," आणि मामा तिला हाताला धरून घेऊन येतो. पूजाला मात्र परदेशी लग्नांचे रील्स बघून बघून पांढरा गाऊन घालून, वडिलांचा हात धरून, लाल गालिच्यावरून पियानोच्या तालावर यायचं होतं. "त्यात बाप रडतो गं," ती म्हणाली. "आमच्या अप्पांना मी रडताना कधी बघितलंच नाही." हे ऐकलं आणि मला तिचंही पटलं. मला कुणाचंही लगेच पटतं, हा माझा जुना दोष आहे.

रेल्वेनं सकाळी नांदेडला उतरले. नांदेडला सकाळी पोचणाऱ्यांनी आधी गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरमध्ये बसावं. गरम पोळी आणि डाळ पोटात गेली की पुढच्या दिवसाला तोंड देता येतं. मग सलीमभाईंची गाडी. नांदेड-कंधार-लातूर असे साडेचार हजार ठरले, थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत. सलीमभाई पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला नावानिशी ओळखणारे.

कंधारला जाताना आधी किल्ला बघितला. भोवती रुंद खंदक, आत शांतता, असं मी वाचलं होतं. शांतता नव्हती. दरवाजात एक जोडपं प्री-वेडिंगसाठी उभं होतं. तो कोटात, ती जमिनीवर लोळणाऱ्या गाऊनमध्ये, आणि दोघांमधून गुलाबी धूर येत होता. फोटोग्राफर ओरडत होता, "सर, पॅरिसमध्ये हाव असं समजा!" सर घामानं निथळत म्हणाले, "पॅरिसला बी एवढंच ऊन असतंय का?"

"मॅडम, रोज चार-चार राहतेत," सलीमभाई म्हणाले. "किल्ल्याला इतका धूर तर लढाईत बी लागला नसंल."

नागनाथमामांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. साठीचे, शिडशिडीत, कपाळाला भस्म. मी ओळख सांगितली तसा त्यांनी चहा मागवला, भजी मागवली, पंखा माझ्याकडे वळवला, पण लग्नाचा विषय काढला की ते कापडाची घडी घालायला लागायचे. शेवटी मी म्हटलं, "मामा, तुम्ही आला नाहीत तर पूजा रडेल."

"यीन की," मामा म्हणाले. "म्या कुठं न्हाई म्हणलो? पण लगीन इंग्रजी करायलेत तर पुरं इंग्रजी करा. आर्धं-मुर्धं नगं." त्यांनी फोन काढून मला एक व्हिडिओ दाखवला. चर्चमधलं लग्न होतं. "म्या आठ दिस हेच बघून राहिलो. हितं बगा. तो पाद्री इचारतो, या लग्नाला कुणाची हरकत आसंल तर आत्ता बोला, न्हाईतर जल्मभर गप बसा. हे इचारणार आसतील तर येतो."

मी तिथूनच पूजाला फोन लावला. ती तिकडे हळद कुटायच्या गडबडीत होती. "किती गोड!" ती किंचाळली. "मामा थीममध्ये आला! विचारू की, नुसतं विचारायचंच तर आहे." तिला मामांचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता.

अर्ध्या तासानं मामा तयार होऊन आले, ते थ्री-पीस सूट घालून. मे महिन्यात. सूट त्यांच्याच दुकानातल्या कापडाचा होता, टाय मरून होता आणि डोक्यावर पांढरी टोपी तशीच होती. "पुरं म्हणलं की पुरं," ते म्हणाले आणि पुढच्या सीटवर ताठ बसले. सलीमभाईंनी एसी वाढवला.

अहमदपूरला चहाला थांबलो. इथली कांदाभजी चुकवू नका, सोबत तळलेली मिरची मागून घ्या. मी हिंमत करून विचारलं, "मामा, उद्या तुम्ही हरकत घेणार आहात का?"

"ते तिथंच."

"मामू, एक बात सांगू का?" सलीमभाई बशीत चहा ओतत म्हणाले. "आमच्या निकाहात काजीसाब पोरीला इचारते, कबूल हाय का. पोराला इचारते. पब्लिकला कब्बी इचारत न्हाईत. पब्लिकला इचारलं तर दुनियेत एक बी निकाह व्हायचा न्हाई."

मामा हसले नाहीत. मी लग्नाला पाहुणा घेऊन चालले होते की लग्न मोडणारा, हेच मला लातूर येईपर्यंत कळेना.

लातूरला पूजाच्या आईनं, जिला सगळे अक्का म्हणतात, भावाला दारातच बघितलं आणि ती आत पळाली. नंतर मला ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी वाढताना हळूच म्हणाली, "आला, बरं झालं. माझ्या म्हायेरचा तेवढा एकलाच हाय. आता त्यो बी खुर्चीत बसून बघणार म्हणल्यावर त्या मांडवात माझं म्हणून कोण?"

"पूजाला सांगितलंत?"

"पोरीची हौस हाय. कामून इरमोड करू?"

हे मी पूजाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ती मेंदीचे हात वर धरून इतकी खूश बसली होती की माझं तोंडच उघडलं नाही.

लग्न रेणापूर रोडच्या एका लॉन्सवर. फुलांची कमान, शंभर पावलांचा लाल गालिचा, दोन्ही बाजूंना गर्जणारे कूलर, आणि एक पास्त्याचा काउंटर, जिथे आजीबाई ताट पुढे करून "यावर वरण घाला" म्हणत होत्या. सूत्रं उदगीरच्या इव्हेंटवाल्या विकीकडे होती. कानात वायर, हातात वॉकीटॉकी, आणि त्याचा शब्द लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींच्या वरचा.

पियानो सुरू झाला. अप्पा पूजाचा हात धरून निघाले. अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत आहे, त्यांना निम्मं लातूर ओळखतं. पहिल्या खुर्चीपाशी ते थांबले, हात जोडले. "या या, कधी आलात? जेवल्याबिगर जायचं न्हाई बरं का." दुसऱ्या खुर्चीपाशी, "आईची तब्येत काय म्हणती?" मुलीचा बाप समोर पाहुणे असताना नुसता चालणार कसा? पूजा गाऊन सावरत प्रत्येक खुर्चीशी थांबत होती. पियानोची धून चार वेळा संपून पुन्हा सुरू झाली. रडणं तर सोडाच, अर्ध्या वाटेत अप्पांनी आचाऱ्याला हाक मारून भात टाकला का विचारलं. स्टेजवर पोचले तेव्हा नवरदेव खुर्चीत बसून घेत होता.

मग विकीनं माइक घेतला आणि भारदस्त आवाजात म्हणाला, "या विवाहास कुणाची हरकत असल्यास आत्ताच बोलावे, अन्यथा कायमचे शांत राहावे."

मी डोळे मिटले. पण आवाज आला तो भलत्याच दिशेनं.

"माझी हाय!" नवरदेवाचे चुलते उठले होते, शिरूर अनंतपाळचे. "पत्रिकेत माझं नाव धाकट्याच्या खाली छापलंय. थोरला कोण हाय?"

"बरुबर हाय!" मागून कुणी तरी म्हणालं. "आन् आमच्या रांगेला कूलरच न्हाई."

"पास्त्याला मीठ न्हाई!"

"पुरुषांची पंगत आधी कामून बसवायची?"

नवरदेवाचे वडील गडबडून विकीला म्हणाले, "आमच्याकडच्या हरकती आधी घ्या, आम्ही वरपक्ष हाव." माइकपाशी रांग लागली. विकीनं वही काढून हरकती लिहून घ्यायला सुरुवात केली. एक म्हातारे रांगेत उभे राहून माइकपर्यंत पोचले आणि म्हणाले, "माझी काई हरकत न्हाई. पण माइक हाय तर सांगतो, पांढरी मोटारसायकल गेटात आडवी लावलीय, ती काढा." जंगमस्वामी घड्याळ दाखवून ओरडत होते, "मुहूर्त चाललाय!" आणि नवरदेव एवढंच विचारत होता, "पण लग्नाला कुणाची हरकत आहे का?"

तेव्हा नागनाथमामा उठले. टायची गाठ नीट केली आणि माइक घेतला.

"बाकीच्यांनी आपापल्या हरकती आचाऱ्याला सांगा. लग्नाला हरकत माझ्या एकट्याची हाय. नवरी आजून आलीच न्हाई."

सगळे स्टेजवर उभ्या असलेल्या पूजाकडे बघायला लागले.

"ही दिसती ती आपल्या बापापाशी हाय. बापापाशी आसलेली पोरगी घरातच आसती. ती मांडवात येती ती आईच्या म्हायेराच्या हातानं." मामांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "माझी बहीण तीस वर्सं या घरात नांदली. आज सगळ्यायची नावं माइकवर आली. तिच्या म्हायेराला कुणी हाक तरी मारली का?"

अक्का खांबाआड पदर तोंडाशी धरून उभी होती. आणि अप्पा रडायला लागले. हुंदके देऊन, खांदे हलवून, अगदी रील्समधल्या बापासारखे. व्हिडिओवाला त्याच वेळी बॅटरी बदलायला गेला होता.

पूजानं दोन्ही हातांनी गाऊन उचलला आणि ती गालिच्यावरून उलटी गेटाकडे पळत सुटली. "रिटेक!" विकी वॉकीटॉकीत ओरडला. अप्पांनी नाक पुसलं, माइक हिसकावून घेतला आणि स्वतः पुकारा केला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं!"

मामा तिला घेऊन आले ते त्यांच्या नेहमीच्या चालीनं, म्हणजे जवळजवळ धावतच. पियानो पहिल्या ओळीतच राहिला. गाऊनचा मागचा घोळ अक्कानं दोन्ही हातांनी उचलून धरला होता आणि ती भावाच्या मागे हसत आणि रडत येत होती. मुहूर्त सापडला. अक्षता पडल्या तेव्हा मामा सूट घालून नवरीच्या पाठीशी उभे होते, टोपीत तांदूळ अडकले होते.

परतीला लातूरहून थेट पुण्याची बस घ्या, संध्याकाळी भरपूर सुटतात. जागा खिडकीची मिळाली तर बरं.

घरी आल्यावर दोन दिवस मी ही गोष्ट सगळ्यांना हसून हसून सांगितली. तिसऱ्या दिवशी भाजी फोडणीला टाकताना हात थांबला. माझं लग्न रजिस्टर झालं होतं. दोन सह्या, तीन साक्षीदार, बाहेर येऊन कॉफी. आम्हाला गाजावाजा नको होता, आणि त्याचा मला अभिमानच वाटायचा. माझा एकुलता एक मामा सोलापूरला असतो. त्याला मी लग्नानंतर फोटो पाठवला होता, आणि त्यानं उत्तरात अंगठ्याचा इमोजी पाठवला होता.

मी त्याला फोन लावला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग म्हटलं, "मामा, माझ्या लग्नाला तुझी काही हरकत होती का रे?"

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"होती ना," मामा म्हणाला. "अकरा वर्षं झाली. कुणी विचारलंच नाही."

मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्यापाशी फरशीवर बसले. म्हटलं, "आता विचारतेय. बोल."