प्लेटीवर घातलेला मांडव

आता हा पचका तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? हसणार तर तुम्ही आहातच. फक्त चहा तोंडात असताना हसू नका!

शहापूरकडे दिलेल्या माझ्या ताईच्या पोरीचं, सुमीचं लग्न होतं. मी मुरबाडचा मामा. मांडव घालावा तर मीच, अशी सगळ्यांची खात्री. म्हणजे निदान माझी तरी! जांभळीचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, असे गच्च रचले, की उन्हाचा एक कवडसा आत येईल तर शपथ.

अंगणात बोअरिंगच्या पंपाची सोलर प्लेट होती, चार लोखंडी पायांवर उभी. मला काय, आयते खांब मिळाले! तिच्यावरूनच टाळे ओढून घेतले.

"बघा दाजी, तुमची प्लेटपण गारव्याला बसली."

"बेस केलास!" दाजी म्हणाले. त्यांनाही कळलं नाही, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुमीला हळद लागली. नखशिखांत पिवळी! आता आंघोळ. पण टाकीतलं पाणी आचाऱ्याने संपवलेलं. पंप सुरू केला, तर हूं नाही की चूं नाही.

"मामा, हळद सुकली! तोंडपन हलत नाय!" सुमी रडकुंडीला आली.

माझी भाची अशी उभी, आणि मी गप्प बसू? पंपाला दोन लाथा घातल्या. प्लेट बसवणाऱ्या मिस्तरीला फोन लावून असा झापला, की बायांची हळदीची गाणी थांबली.

"काका, तुमच्याकडं ऊन हाय ना?" त्याने विचारलं.

"ऊन? डांबर वितळतंय!"

"आनि प्लेटीवर?"

"प्लेटीवर कसं असेल? मी मांडव घातलाय!" छाती फुगवून सांगितलं हो मी!

पलीकडून खो-खो हसणं. आणि फोन नेमका स्पीकरवर!

ताईने शिडी आणून लावली. चढलो, करतो काय? माझेच टाळे माझ्याच हाताने उपसले. ऊन प्लेटीवर आलं, पंप घुरघुरला आणि पाणी धो-धो! सुमी आंघोळीला पळाली. माझाही जीव भांड्यात पडला.

पण ताई कुठली सोडते! लग्नाच्या दिवशी मामाच्या मानाची खुर्ची तिने नेमकी मांडवाला पडलेल्या त्या भोकाखाली, प्लेटीच्या शेजारी मांडली.

"बस रे. तुझ्या मांडवात ऊन येतं का नाय, बघत ऱ्हा."

सगळं वऱ्हाड सावलीत, एकटा मी उन्हात! आणि येणारा-जाणारा थांबून विचारतोय, "मामा, चार्ज झालात का?"