माझी कवळी कोर्टात जमा आहे

दुपारपासून फोन येत आहेत आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून सगळ्यांना इथेच लिहून सांगते.

नालीच्या भांडणात मी शेजारच्या माणिकरावांच्या मनगटाला चावले, अशी त्यांची केस आहे. आज जिंतूरच्या कोर्टात डॉक्टरांची साक्ष झाली.

"चावा माणसाचाच आहे," डॉक्टर म्हणाले. माणिकरावांचे वकील खूश.

जजसाहेबांची परवानगी घेऊन मी विचारले, "कोणत्या माणसाचा?"

"ते नाही सांगता येत, मॅडम. वरच्या पुढच्या दोन दातांत फट असावी, एवढं वणावरून दिसतं."

मी कवळी काढून टेबलावर ठेवली. फट नव्हती.

माणिकराव खदखदून हसले. "बगा सायेब, बाईचे दातच भायेर आले!"

डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग साहेबही बघू लागले. वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट होती.

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "म्या सांगितलं व्हतं न्हवं, हसू नका म्हणून!"

आता दोघांच्याही दातांची मापे घेणार आहेत. तोवर भाकरी दुधात कुस्करू की वरणात, ते तुम्हीच सांगा.

कोर्टात जमा केले: कवळी, वरची एक, खालची एक, स्टीलचा डबा, झाकणासह. पोच घेतली आहे.