पडावाची वाट

आमच्या रत्नागिरीस तेव्हा रेल्वे नव्हती. आगबोट दूर समुद्रात उभी राही आणि पडाव येऊन उतारूंना किनाऱ्यास नेई. मुंबईहून पुण्यास जाताना माझ्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्याने जन्मभर असा पडाव वल्हवला होता. रेल्वेत तो प्रथमच बसला होता. पुण्यात त्याच दुपारी त्याच्या नातवाचे बारसे होते. घाटात डबा हलू लागला तेव्हा त्याने मला लिंबू दिले. "हुंगा, मास्तर. मळमळनार नाय."

पुणे आले. डबा रिकामा झाला. तो मात्र गाठोडे मांडीवर घेऊन स्वस्थ बसून राहिला.

"उतरा!" मी म्हणालो.

"घाय करू नुका. घायीत मानूस पान्यात पडतो. पडाव येऊ दे."

"येथे पडाव नाही. दारालाच जमीन आहे."

"दारालाच?" त्याचा विश्वास बसेना.

पुढे जाणाऱ्या गाडीची शिटी झाली. शाळेबाहेर मी कोणाच्या अंगाला हात लावीत नाही. त्या दिवशी लावला. त्याला गाठोड्यासकट फलाटावर उतरविले आणि माझी पिशवी घेण्यास आत वळलो, तोच गाडीने वेग घेतला. मलाही पुण्यासच उतरायचे होते.

फलाटावरून तो कळवळून ओरडला, "अवो मास्तर, मग तुमी का नाय उतरलात?"

पुढच्या स्टेशनापर्यंत मी ते लिंबू हुंगत बसलो.